भोंगा संपेपर्यंत

बिट्टन मार्केटच्या हाटात आई वांगी निवडत होती आणि रेवती पिशवी धरून तिच्यामागे उभी होती, तेव्हा रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गात गेली. गाडी गाते याचं भोपाळच्या माणसाला नवल नाही. सकाळी प्रत्येक गल्लीत ती गातच येते. पण हे गाणं नवं होतं. एक लहान मुलगी गात होती, 'देहरी झाड़ो, आँगन झाड़ो, शहर हमारा जागे', आणि 'जागे'मधल्या 'आ'वर ती थांबली होती, म्हणजे पुढे जायचं सोडून तिथेच राहिली होती. गाडी मेथीवाल्याच्या ठेल्यापासून उसाच्या रसवाल्यापर्यंत सरकली तरी तो 'आ' चालूच होता. रेवतीने तो आधी नुसता ऐकला, बाजारात ऐकतात तसा. मग तिच्या मानेवर काहीतरी थंड पडल्यासारखं झालं. त्या लांब 'आ'च्या मधोमध एक शिवण होती. कापड उलटं करून पाहणाऱ्यालाच दिसेल इतकी बारीक. मुलीचा श्वास संपत आला होता, आणि तो संपायच्या आधीच दुसरा एक आवाज आत येऊन बसला होता, तिच्याहून हलका, पण तोंडाचा आकार अगदी तिच्यासारखा करून. मुलीने श्वास घेतला, परत आली, आणि तो दुसरा आवाज चपला हातात घेऊन निघावं तसा निघून गेला. रेवतीच्या तो ओळखीचा होता. कितीतरी वर्षं तो तिच्या डाव्या खांद्यामागे उभा असायचा. सुचेताचा आवाज.

"अगं, पिशवी धर नीट, टोमॅटो चाललेत खाली," आई म्हणाली.

"आई, हे गाणं कुणाचं?"

"कुणाचं काय, कचऱ्याचं."

"गातंय कोण?"

"ती नाही का, आपल्या सुचेताच्या क्लासमधली जुई. एवढीशी आहे, पण काय गोड गाते! मधे श्वास म्हणून घेत नाही पोर." आईने एक वांगं देठाला धरून फिरवलं, त्याला भोक आहे का ते पाहिलं आणि पिशवीत टाकलं. "अगदी तुझ्यासारखी."

भाजीवाला म्हणाला, "अम्मा, हो गया क्या? तौल दूँ?" आणि आई त्याच्याशी कोथिंबीर फुकट देण्यावरून हुज्जत घालू लागली. रेवती तिथेच उभी राहिली. 'अगदी तुझ्यासारखी' हे शब्द आईने प्रेमाने म्हटले होते हे तिला कळत होतं, आणि तरीही कुणीतरी तिच्या अंगावरचं लुगडं सोडून दुसऱ्याला नेसवावं तसं तिला वाटत होतं. मत्सर तिला नवा नव्हता. मुंबईत इतकी वर्षं काढल्यावर तो कुणाला नवा असतो? पण तो आपल्या बरोबरीच्यांचा. अमकीला मोठं गाणं मिळालं, तमकीचं पोस्टर आपल्या पोस्टरवर चिकटवलं, या गोष्टींनी रात्रभर जळून सकाळी चहाबरोबर माणूस बरा होतो. इथे समोर एक पोर होती, जिचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं, जिचं गाणं कचऱ्याच्या गाडीवर वाजत होतं; आणि त्या पोरीचा रेवतीला इतका राग आला होता, की आईने दुसऱ्यांदा "चल" म्हटलं तेव्हाच तिला ऐकू आलं.

रिक्षात बसल्यावर तिला बरखेड्याचं जुनं क्वार्टर आठवलं. टाउनशिपमध्ये वेळ घड्याळाने कळत नसे, कारखान्याच्या भोंग्याने कळे. सगळ्यांचे वडील त्या भोंग्याने जात आणि त्याच भोंग्याने परत येत. दुपारी शिफ्ट सुटायची तेव्हा तो वाजायचा, आणि मागच्या अंगणात कपड्यांच्या दोरीखाली बसलेल्या चार मुली, रेवती, सुचेता, वंदना आणि प्रतिभा, त्याच्या सुरात सूर मिळवून 'आ' लावायच्या. खेळ एवढाच, की भोंगा संपेपर्यंत थांबायचं नाही. कुणालाच जमायचं नाही. वंदना हसून फुटायची, प्रतिभा लाल व्हायची, आणि रेवतीचा आवाज सगळ्यांत मोठा असूनही अर्ध्यावर तिची छाती रिकामी व्हायची. मग एका दुपारी तिला श्वास घ्यावाच लागला आणि तिने तो घेतला, तरी 'आ' तुटला नाही. भोंगा संपला, त्याच्यानंतरही क्षणभर ती गात होती. प्रतिभा ओरडली, "रेवतीने केलं! रेवतीने भोंगा हरवला!" आणि रेवतीने मान वळवून पाहिलं तेव्हा सुचेता शांतपणे फ्रॉकवरचं गवत झाडत होती. पुढेही त्या दोघी यावर कधी बोलल्या नाहीत. रात्री झोपेत पांघरूण सरकलं की आई उठून घालते आणि सकाळी कुणी त्याचा उल्लेख करत नाही, तसं ते होतं, असं रेवतीला नेहमी वाटत आलं होतं.

पुढे त्यांनी स्वतःचं नावच 'भोंगा' ठेवलं. सुचेताचे वडील म्हणाले, "पोरींनो, लोक हसतील. 'भोंगा' हे काय गाणाऱ्या मुलींचं नाव आहे?" लोक हसले आणि नाव लक्षात राहिलं. मराठी मंडळाचा गणपती, कॉलेजचं गॅदरिंग, इंदूरची स्पर्धा, मग टीव्हीवरची स्पर्धा, जिच्यात एका परीक्षकाने खुर्चीतून उठून विचारलं होतं, "बेटा, आप साँस कब लेती हो?" रेवती हसली होती. डोळे मिटून, मान किंचित वर करून 'पार' या शब्दावर राहणारी रेवती. मागे डावीकडे सुचेता, तिच्या मागे गिटार घेतलेली वंदना आणि ढोलक घेतलेली प्रतिभा. 'पार' हे तळ्याच्या पलीकडच्या काठाचं गाणं चौघींनी मिळूनच बांधलं होतं, पण पोस्टरवर चेहरा एकीचा यायचा. त्यात कुणाची चूक नव्हती. पोस्टर छापणारा माणूस समोर जी उभी असते तिचा चेहरा मोठा करतो. रायपूर, नागपूर, दुबई. अंधेरीच्या एका खोलीत चौघींच्या चार गाद्या, आणि सकाळी सगळ्यांत आधी उठून चहा टाकणारी सुचेता. मग एक दिवस तिच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आल्याचा फोन आला. ती म्हणाली, "जाऊन येते गं," आणि आलीच नाही. वंदनाचं लग्न झालं, प्रतिभा पुण्याला नोकरीला लागली. 'भोंगा' संपला, रेवती राहिली.

एकटीने गायला लागल्यावर पहिल्या रेकॉर्डिंगला तंत्रज्ञाने तिच्या सुरातला श्वास कापून काढला आणि दोन्ही कडा जोडून दिल्या. "हो गया मॅडम, मक्खन." ऐकताना तिला तो जोड दिसला. गुळगुळीत होता, पण त्यात कुणी नव्हतं. स्टेजवर त्या जागी रेकॉर्ड वाजायचं आणि ती तोंड उघडं ठेवून उभी राहायची. लोकांना कळायचं नाही. आता पुढच्या शनिवारी मोठ्या तलावाकाठी तिचा कार्यक्रम होता, गावातला पहिलाच मोठा, आणि ठरवणाऱ्यांनी एकच गोष्ट मागितली होती: मागे रेकॉर्ड लावायचं नाही, 'पार' खरंखुरं गायचं. तिने हो म्हटलं होतं. हो म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे सुचेता होती. सुचेताला आणायचं, डाव्या खांद्यामागे उभं करायचं, म्हणजे झालं. हे तिने इतकं गृहीत धरलं होतं, की भोपाळला येऊन चार दिवस झाले तरी ती सुचेताकडे गेली नव्हती. आपल्या कपाटातली वस्तू घ्यायला आपण घाई करत नाही. आणि आज कळत होतं की ती वस्तू दुसरंच कुणी वापरत होतं.

त्याच दुपारी ती बरखेड्याला गेली. टाउनशिपच्या हॉलच्या दाराशी छोट्या छोट्या चपलांचा ढीग होता. आत सतरंजीवर, भोपाळी बोलीत दरीवर, मुलं बसली होती आणि पेटीपाशी सुचेता. केस बरेच पांढरे, गळ्याला मफलर. तिने रेवतीला पाहिलं, पण पेटी थांबवली नाही. नुसती भुवई उचलून दरीकडे बोट केलं. म्हणजे बस. रेवती मुलांच्या मागे बसली. इतक्या वर्षांनी भेटणाऱ्या माणसाला असं बसवतात का, या विचाराने ती आधी दुखावली, मग सुचेताला मुलांमध्ये पाहताना ते दुखणंही जागच्या जागी राहिलं नाही. सुचेता कुणावर ओरडत नव्हती. एक मुलगा बेसूर होता, त्याला ती म्हणाली, "तू छान गातोस, पण शेजारच्या घरात गातोस. ये, आपल्या घरात ये," आणि मुलगा हसत हसत सुरात आला. दुसरीचं दप्तर उघडं होतं, ते तिने गाता गाता बंद केलं. अंधेरीच्या खोलीत हीच बाई होती, हेच सगळं करत होती, आणि ते आपल्यासाठी आहे असं रेवतीला वाटत होतं.

मग भोंगा वाजला. मुलं जणू त्याचीच वाट पाहत होती. सगळी ताठ झाली आणि 'आ' सुरू झाला. हळूहळू एकेक गळत गेलं, कुणी खोकलं, कुणी फिदीफिदी हसलं, आणि शेवटी एकच आवाज उरला. पहिल्या ओळीत दोन वेण्या घातलेली एक बारकी मुलगी उभी राहिली होती, चवड्यांवर, वरच्या फळीवरचा डबा काढताना उभं राहतात तशी. तीच जुई असणार. रेवतीने तिच्याकडे पाहिलं नाही, सुचेताच्या तोंडाकडे पाहिलं. ते किंचित उघडलं, काही क्षण तसंच राहिलं आणि मिटलं. भोंगा संपला. मुलं ओरडली, "जुईने हरवला! जुईने हरवला!" रेवतीला वाटलं, उठून या सगळ्यांना सांगावं की हा खेळ माझा आहे. हा माझ्या अंगणातला खेळ आहे, यात जिंकणारी मी आहे. ती चाळिशीची बाई दरीवर मांडी घालून बसली होती, तिच्या पर्समध्ये मुंबईच्या विमानाचं तिकीट होतं, आणि एका लहान मुलीचा खेळ हिसकावून घ्यावा असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.

मुलं पांगल्यावर सुचेता तिच्याजवळ येऊन बसली. आवाज पार बसलेला. "बोल. चार दिवस झाले म्हणे येऊन?"

"कोण म्हणालं?"

"तुझी आई. हाटात भेटते मला. म्हणाली, रेवाचं चाललंय, आज येते, उद्या येते."

"कामं होती."

"असणारच. मोठी माणसं." ती हसली, मग खोकली. "हा बघ गळा. मुलांची सर्दी. एकाने शिंकायचं आणि मी आठवडाभर भोगायचं."

रेवतीने शनिवारचं सांगितलं. सांगताना आपण विनंती करतोय की आठवण करून देतोय हे तिचं तिलाच समजत नव्हतं. 'पार'च्या त्या जागेचं नाव न घेता ती म्हणाली, "तू असलीस की बरं पडेल."

सुचेता मफलरची झालर बोटांना गुंडाळत राहिली. "या रविवारी मुलांचा मेळावा आहे. सकाळीच. जुईचं गाणं आहे आणि इथे कसंबसं निभावलं, पण माईकवर माझ्याने गाववत नाही. तू उभी राहशील तिच्या मागे?"

"मी?"

"का? कचऱ्याच्या गाडीवरची गायिका चालत नाही वाटतं?"

"तसं नाही गं."

"मग ये. शनिवारचं त्यानंतर बघू. तोवर माझा गळाही कळेल." आणि मग, शाळेत धडा समजावून सांगावा तसं, तिने सांगितलं: आधी आत यायचं, मग बाहेर पडायचं. ती थांबल्यावर सुरू केलंस तर उशीर झाला. तिच्याहून मोठं व्हायचं नाही. तिचा 'आ' थोडा रुंद आहे, तसाच लाव. "आणि पायांकडे बघ तिच्या. श्वास घ्यायच्या आधी टाचा टेकवते."

"तुला हे कसं कळलं?"

"बघून. प्रत्येकाचं काहीतरी असतं."

रेवतीने विचारायचं नाही असं ठरवलं आणि विचारलं. "माझं काय होतं?"

"तू डोळे मिटायचीस," सुचेता म्हणाली.

घरी परत येताना तेच एक वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं. तिचे ते मिटलेले डोळे. त्यावर लोकांनी लिहिलं होतं, ती सुरात विरघळते, समाधी लागते. एका मुलाने ते डोळे दंडावर गोंदवून घेतले होते. आणि सुचेता इतकी वर्षं मागे उभी राहून ते डोळे पाहत होती, जसं दूधवाला आला की नाही ते पाहावं: मिटले, चला. पण मागे उभं राहून डोळे कसे दिसणार? मग तिला आठवलं, स्टेजवर सुचेता कधीच अगदी मागे उभी राहायची नाही. बाजूला, जरा पुढे सरकून, तिरकी राहायची. फोटोवाले वैतागायचे, "वो दीदी थोड़ा पीछे हो जाओ." ती व्हायची आणि पुन्हा सरकायची. रेवतीने यावरून तिला एकदा टोकलंही होतं. तिला स्वतःला सुचेताचं काय आठवत होतं? हात? हातांचं काही नाही. चहाचा कप. तो सूर लावताना सुचेताचा चेहरा कसा दिसायचा, हे ती आठवू लागली तर तिथे अंधार होता आणि त्यात एक आवाज. मग विचार पुन्हा जुईवर आला. सुचेता त्या पोरीच्या टाचा ओळखते. क्लासात अजून किती मुलं आहेत, त्यांचं काय काय ओळखत असेल, या हिशेबात ती आईने वाढलेली आमटी गार होईपर्यंत बसून राहिली.

"जेव ना," आई म्हणाली. "सुचेता काय म्हणाली?"

"रविवारी पोरांच्या मागे उभी राहा म्हणाली."

"मग राहा की. मला पुढची खुर्ची सांग." आईने तिच्या पानात तूप वाढलं. "किती वर्षांत तुला अशी जवळून ऐकली नाही."

"माझा आवाज ऐकू येणार नाहीये, आई. तसंच करायचंय."

"म्हणजे मग जाऊन करायचं काय तिथे?" आईला खरंच कळलं नव्हतं.

रविवारी सकाळी हॉल भरला होता. टाउनशिपमधले निवृत्त लोक स्वेटर घालून पुढच्या रांगांत, आयांचे मोबाइल वर, मागे बटाटेवड्याचा वास. निवेदन करणाऱ्या बाईंनी रेवतीचं नाव घेतलं तशा टाळ्या पडल्या; तिने हात जोडले आणि जाऊन जुईच्या मागे उभी राहिली. जुईने मान वळवून वर पाहिलं. "दीदी, आप सच में वही हो ना? मम्मी कहती है आपका साँस ख़तम ही नहीं होता."

"मराठी येतं ना तुला?"

"येतं. पण आता घाबरले ना, तर हिंदीच येतंय."

रेवतीला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून अधिकच राग आला. पेटी सुरू झाली. गाणं सुचेताने बांधलेलं होतं, सकाळी चिमण्यांना उठवायचं, साधंच. शेवटच्या ओळीला जुईने 'आ' लावला आणि चवड्यांवर गेली. बारीक आवाज, पण त्याला एक धार होती, नव्या पाटीवर पहिल्यांदा ओढलेल्या रेघेसारखी. रेवती मोज्यांतल्या त्या पावलांकडे पाहत होती. तिला सगळं माहीत होतं. आत कधी यायचं, किती हलकं, तोंड किती रुंद. टाचा खाली येऊ लागल्या. तिचं तोंड उघडलं. आणि त्या क्षणी, जेव्हा आत जायला हवं होतं तेव्हा, तिच्या मनात आलं की हिचा तुटू दे. विचार म्हणूनसुद्धा तो पुरता आला नाही, नुसता गळ्याशी आला आणि बसला. टाचा टेकल्या. रेवती गायली नाही.

सूर तुटला. जुईने श्वास घेतला, विहिरीत बुडी मारून वर आलेल्या पोराचा असतो तसला मोठा, माईकमधून सगळ्या हॉलभर ऐकू गेलेला श्वास, आणि लगेच, तिथूनच, पहिल्यापेक्षा मोठ्याने ती पुन्हा त्या 'आ'वर चढली. कुणी चुकचुकलं नाही. पुढच्या रांगेतले एक आजोबा "वा!" म्हणाले. टाळ्या संपायच्या आधीच जुई स्टेजवरून उडी मारून आईकडे पळाली. पेटीवरून फक्त सुचेताने मान वर केली होती. ती रेवतीकडे पाहत होती. रागाने नाही. शिक्षिका पाहते तसं, की हे मूल असं का करतंय.

वडे वाटले जात होते तेव्हा जुई हातात कागदी प्लेट घेऊन आली. "ताई, तुम्ही गायलाच नाहीत."

"तुला कळलं?"

"हो. मागे एकदम ख़ाली ख़ाली, रिकामं लागलं. मग मी जोरात श्वास घेतला. मज़ा आला." तिने चटणीचं बोट चाटलं. "सुचेता मावशी, पुढच्या वेळी पण असंच करू?"

सुचेता म्हणाली, "कर की." जुई पळाली.

हॉल रिकामा होत गेला. आई शेजारणींबरोबर पुढे निघून गेली. सुचेता दरीवरचे कागद वेचत होती, आणि रेवती तिच्या मागे मागे, दोन कागद वेचून हातातच धरून. शेवटी म्हणाली, "मी मुद्दामच गायले नाही."

"दिसलं मला."

"तिला गरज नाहीये गं. तू उगाच सवय लावतेस. मुलीचा श्वास वाढणार कसा?" हे बोलताना ते खरं आहे हे तिला जाणवत होतं, आणि ते आपण कशासाठी बोलतोय हेही. "एकटीला गाऊ दे तिला."

"बरोबर आहे तुझं," सुचेता म्हणाली. "देईन."

इतक्या सहज ते मिळेल असं रेवतीला वाटलं नव्हतं. मिळाल्यावर हातात काही राहिलं नाही. "शनिवारी येशील?" तिने विचारलं. "माझ्यासाठी?"

"तुला तरी कुठे होती गरज?"

"म्हणजे?"

सुचेता खाली बसली. बसलेल्या आवाजात ती थांबत थांबत बोलत होती. "तू पण घेतला असतास श्वास, जुईसारखा. लोकांनी वाहवाच केली असती. मला तेव्हाही माहीत होतं."

"मग का करत होतीस? इतकी वर्षं?"

"अगं, तेवढंच तर मला गायला मिळायचं." तिने हे अगदी साधेपणाने सांगितलं, जणू रेवतीला ते ठाऊक असणारच. "बाकी सगळं गाणं तुझं. ती एक जागा माझी. तू डोळे मिटलेस की मी एकटी असायचे. हजार माणसं, आणि त्यांना माहीतही नाही की आत्ता आपण सुचेताला ऐकतोय. मी दिवसभर त्या जागेची वाट बघायचे."

रेवतीला टाळ्या आठवल्या. 'पार'वर टाळ्या शेवटी पडायच्या नाहीत. सूर लांबतोय, लांबतोय, आता तुटणार, आणि तुटला नाही, की तिथे पडायच्या, मधोमध. ती तेव्हा डोळे मिटून छातीत हवा भरत असायची आणि टाळ्यांचा आवाज बंद पापण्यांवर ऊन पडावं तसा तिच्यावर पडायचा. इंदूरला, रायपूरला, दुबईला. परीक्षक खुर्चीतून उठला तो तिथेच. त्या वेळी ती गात नव्हती. एका पोरीवर चार दिवस जळून झालं होतं, आणि आता हे जळणं मागे मागे पसरत चाललं, एकेका गावापर्यंत, एकेका टाळीपर्यंत, आणि त्या प्रत्येक ठिकाणी डाव्या बाजूला जरा पुढे सरकून एक बाई उभी होती, तिला हवं ते सगळं मिळालेली.

"येते मी शनिवारी," सुचेता म्हणाली. "गळा होईल तोवर बरा. पण आता लपून नाही गं जमणार. माईक मला पुढे दे, तुझ्या शेजारी. तू श्वास घे, मी गाते, लोकांना दिसू दे. त्यात काय आहे?"

"नको," रेवती म्हणाली. विचार करायच्या आधीच म्हणाली.

सुचेताने तिच्याकडे पाहिलं आणि ती हसली. "वाटलंच मला. बरं, जाऊ दे. ती दरी धर त्या बाजूने, एकटीला घडी घालता येत नाही."

रेवतीने दरीची दोन टोकं उचलली. दोघींनी ती ताणली, झटकली, धूळ उन्हाच्या पट्ट्यात उडाली. सुचेता गुणगुणायला लागली होती. 'पार' नव्हतं ते, चिमण्यांचंही नव्हतं, असंच काहीतरी, फाटक्या आवाजात, काम करताना बायका गातात तसं. एका ठिकाणी ती थांबली आणि सूर तिथेच लांबवू लागली. शनिवार, तलाव, माणसं हे सगळं रेवतीच्या डोक्यातून निघून गेलं आणि तिला फक्त ती पुढची जागा हवीशी झाली, आता येईल ती. टोकं जुळवायला त्या एकमेकींकडे चालत येत होत्या. रेवती सुचेताच्या चेहऱ्याकडे पाहत होती, ओठांकडे, पापण्यांकडे, मफलरखालच्या गळ्याकडे. श्वासाच्या आधी ही काय करते ते शोधत होती. काहीच दिसत नव्हतं. मग तिने तोंड उघडलं आणि अंदाजानेच सूर लावला, हलका, तिच्याहून हलका. सुचेताचा श्वास केव्हाच घेऊन झाला होता. तिने दरीची टोकं रेवतीच्या हातात दिली, आणि पुढच्या घडीसाठी खाली वाकली.